बुलढाण्याची माणसं

बैलगाडी दारात थांबली तेव्हा नजमुन्निसा गाढ झोपली होती. मलकापूर सोडल्यापासून राजूरचा घाट संपेपर्यंत म्हातारी रात्रभर कुरकुरत होती. वर पोचल्यावर मात्र तिला अशी झोप लागली की गाडीवानाच्या आरड्याओरड्यानंही मोडेना.

"अम्माले उठवू नको," रहेमतुल्ला बायकोला, गौसियाला, म्हणाला. "जागी झाली का परत भांडण."

भांडण ठरलेलंच होतं. रहेमतुल्ला शिंपी. बुलढाण्याला जिल्ह्याची कचेरी, साहेब लोक, चपराशांचे डगले. कामाला तोटा नव्हता. पण निघतानाच म्हातारीनं बजावलं होतं, "एक दिवस राहीन. मानसं धड नसली तं उद्या याच गाडीनं वापस." आईचा शब्द मोडायची रहेमतुल्लाची छाती नव्हती.

त्यानं बाज उतरवली. गाडीवानाच्या मदतीनं आईला अलगद तिच्यावर निजवलं. माघातला वारा बोचरा होता, म्हणून डोक्यापासून पायापर्यंत चादर ओढली आणि दोघांनी बाज उचलून आत नेली.

समोरच्या ओट्यावर पुष्पाबाई तांदूळ निवडत होत्या. त्या सूप ठेवून उठल्या आणि त्यांनी हात जोडले. रहेमतुल्ला बाहेर आला तेव्हा त्या दारातच उभ्या होत्या.

"आई का?"

"हाव. घाटात लई त्रास झाला तिले."

पुष्पाबाईंचे डोळे भरून आले. "आज चूल पेटवू नका, बाई," त्या गौसियाला म्हणाल्या. "आमच्याकडून येते सगळं."

गौसिया बघतच राहिली. मलकापुरात शेजारणीनं विरजणालासुद्धा कधी दही दिलं नव्हतं.

तासाभरात अंगण भरलं. चार घरांतून भाकरी, वरण, भात आला. शेजारच्या गोजरबाईंनी कोपऱ्यात तीन दगड मांडून पाण्याचा मोठा हंडा चढवला. अंघोळीचीही सोय झाली, गौसियाला किती बरं वाटलं! बायका डोक्यावर पदर घेऊन बसल्या होत्या आणि अगदी हळू बोलत होत्या.

"दादीची झोप मोडू नये म्हनून," गुलनार कौतुकानं आईच्या कानात म्हणाली. पोरगी बारा वर्षांची, पण तिलाही चांगली माणसं कळत होती.

पुरुषमंडळी लिंबाखाली बसली. जो येई तो रहेमतुल्लाचा हात हातात घेई. कापडवाल्या मेहबूबनं तर कोऱ्या पांढऱ्या कापडाचा तागा आणून पुढे ठेवला. रहेमतुल्लाला हुरूप आला. पहिल्याच दिवशी काम!

"काय शिवू याचं?"

मेहबूबनं तागा बाजूला सरकवला. मग त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "तुम्ही बसा, भाई. आज मशीनले हात लावू नका."

मशिदीतले कादरचाचा सगळ्यात शेवटी आले. त्यांनी अम्माचं नाव विचारलं, वय विचारलं. "सत्तर," रहेमतुल्ला म्हणाला. "बिलकूल फिकीर करू नका. आता सगळं आमच्यावर," असं म्हणून ते तीन-चार जणांना घेऊन निघून गेले. ना ओळख, ना पाळख, आणि केवढं हे जीव लावणं!

दुपार कलल्यावर म्हातारी जागी झाली. गौसियानं नवऱ्याला आणि पोरीला आत बोलावलं, आतून दार लावून घेतलं आणि ताट वाढलं. नजमुन्निसानं पोटभर खाल्लं, दुसऱ्यांदा वरण मागून घेतलं, मग दाराच्या फटीतून अंगणात पाहिलं.

"कोन हायत एवढे लोक?"

"शेजारीपाजारी. तुह्यासाठीच आले, अम्मा. सकाळपासून कोनी घरी नाही गेलं," रहेमतुल्ला म्हणाला.

म्हातारी दारापासून मागे सरली. तिनं ओढणीनं डोळे पुसले.

"चाळीस वर्सं मलकापुरात काढली. ताप आला तं कोनी विचारलं नाही मले." तिचा आवाज कापत होता. "त्या गाडीवाल्याले सांग, जा म्हनावं. मले आता इथून कोनी हालवू नका."

रहेमतुल्लाला हसावं की रडावं कळेना. त्यानं गुलनारला उचलून गरकन फिरवलं. गौसिया तोंडावर पदर धरून हसत होती. संसार लागला होता!

"चाल," म्हातारी ओढणी सारखी करत उठली. "सगळ्यांले सलाम करून येऊ."

रहेमतुल्लानं कडीला हात घातला, तेवढ्यात बाहेरून दारावर हलकीशी थाप पडली. कादरचाचांचा आवाज होता.

"रहेमतभाई, कबर खोदून झाली. अम्माले बाहेर घ्या आता."