मागाचा खड्डा

बी.ए.ची परीक्षा देऊन अंबादास पुण्याहून सोलापूरला परतला. तिथल्या कचेऱ्यांचे उंबरठे झिजवून तो थकला होता. नोकरी कुठंच नव्हती. वडील खड्ड्यात पाय सोडून हातमागावर विणत होते. “अप्पा, मी मागावरच बसतो.” “कुटं बसतोस?” त्यांनी मान वर न करताच विचारलं. शेजारीच त्याच्या मागाचा खड्डा असायचा, त्याच्या पायांच्या मापानं त्यांनीच खणलेला. आता तिथं ना माग, ना खड्डा. सारवलेल्या जमिनीवर खुर्ची मांडलेली. “तू माघारी येशील म्हणूनच बुजवला. खुर्चीवर बस, अर्ज लिही.” खुर्ची सोडून तो वडिलांच्या खड्ड्याच्या काठावर टेकला. खाली त्यांचे पाय सुजलेले दिसले. “मग तुम्ही वर या.” सूत नेणारा धोटा आणखी एकदा धावून थांबला. वर यायला वडिलांनी हात पुढं केला.