सदतीस व्हायरस

दुपारी चारपर्यंत जयश्रीला साडीच्या किनारीचं पहिलंवहिलं डिझाइन व्यापाऱ्याला पाठवायचं होतं, आणि कॉम्प्युटरवरची लालभडक पाटी हटेना: ‘सदतीस व्हायरस सापडले, पैसे भरा.’ “मोजून सदतीस?” सुरतेच्या यंत्रमागांवर तीस वर्षं काढलेला नवरा, बळीराम, जेवता जेवता म्हणाला. “ज्यानं सोडले त्यालाच नेमका आकडा ठाऊक असणार.” “अहो, थट्टा पुरे.” “कापडात खोट दिसली की आम्ही मागं मागं जातो, पहिली चूक सापडेपर्यंत. तुझ्या डब्यात शेवटचं नवं काय शिरलं?” तिनं कॉम्प्युटर सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी गरजेपुरता, चालू करून प्रोग्रॅम तारखेनुसार लावले. सगळ्यात वर कालचा फुकटचा अँटिव्हायरस, तिनंच विश्वासानं घेतलेला. तो काढताच पाटी गेली, मोरांची किनार उमलली. या कामाला आजवर ‘चित्रं’ म्हणणारा बळीराम हात धुऊन पडद्यावर वाकला, बोटानं किनारीतले धागे मोजत राहिला. “पाठव. आणि व्यापाऱ्याला सांग, विणणारा घरातच आहे.”