इर्याच्या घरासमोरची जागा

फोन वाजत राहिला आणि आयली भांडी विसळत राहिली. फोनवर इर्याचं नाव दिसत होतं. या आठवड्यात हे रोजच चाललं होतं.

गावात कुठे काय बांधायचं ते ठरवणाऱ्या झोनिंग बोर्डाची आयली सभासद होती आणि तिथला नियम साधा होता. बोर्डापुढे बांधकामाचा अर्ज असेपर्यंत सभासदांनी अर्जदाराशी किंवा शेजारच्या घरमालकांशी त्याबद्दल बोलायचं नाही. कुणाला काही म्हणायचं असेल तर त्यानं सुनावणीला यावं, नाहीतर पत्र पाठवावं. ते सगळ्यांदेखत वाचलं जातं. अर्ज होता डायलिसिस केंद्राच्या इमारतीचा आणि जागा होती इर्याच्या घरासमोरची.

आयलीनं नियम जरा जास्तच ताणला. इर्या समोर आली की विषय निघणारच, म्हणून तिनं बोलणंच बंद केलं. शनिवारी इर्याकडच्या सौनाला जाणं थांबवलं. त्या लाकडी खोलीत, वाफेत बसून दोघींनी उभ्या आयुष्यात साऱ्या गावाची उणीदुणी काढली होती. किराणा दुकानात इर्या दिसली, तेव्हा आयली दुधाच्या कपाटाआड वळली. इर्यानं ते पाहिलं. हाक मात्र मारली नाही.

तिला काय म्हणायचंय हे आयलीला पाठ होतं. काही वर्षांपूर्वी त्याच जागेवर पेट्रोल पंप येणार होता. तेव्हा इर्यानं बर्फातून दारोदार फिरून सह्या गोळा केल्या होत्या आणि आयली तिच्याबरोबर होती. समोरचं बर्चचं रान गेलं तर मी कशाकडे बघत म्हातारी होऊ, असं इर्यानं भर सभेत विचारलं होतं. सभा हसली, आणि पंप बारगळला.

यंदा इर्यानं अंगणात बटाटेही लावले नव्हते. मन उडालं असेल, आयलीला वाटलं. त्यातला थोडा दोष तिनं स्वतःकडे घेतला.

सुनावणीच्या दिवशी गावच्या टाउनशिप कचेरीचं सभागृह भरलं होतं. क्लिफर्ड नावाचा म्हातारा लाकूडतोड्या टोपी हातात धरून बोलायला उभा राहिला. डायलिसिससाठी आठवड्यातून तीनदा सत्तर मैल जायचं, तितकंच परत यायचं, रस्त्यावरचा बर्फ हटायच्या आत निघायचं, असं त्यानं सांगितलं. मग म्हणाला, "मशीनवर मी काही मरत नाही. मरेन तो त्या रस्त्यावर."

कुणीतरी हसलं आणि गप्प झालं. आयलीनं शाळेत जन्मभर जीवशास्त्र शिकवलं होतं. मूत्रपिंडं थांबली की रक्ताचं काय होतं, हे या खोलीत तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. ती टेबलाकडे बघत राहिली.

अध्यक्ष रूडीनं समोरच्या घराकडून काही आलंय का विचारलं. पत्र नव्हतं. इर्याही आली नव्हती.

शेजारी बसलेला सभासद डेल वाकून कुजबुजला, "तुझी मैत्रीण गप्प कशी? पंपाच्या वेळी तर आम्हाला जेवायला सोडलं नव्हतं तिनं."

इर्यानं सगळं आपल्यावर सोपवलंय, हे आयलीला कळलं.

खरं तर तिनं मत न देता बोर्डाची खुर्ची सोडून खाली लोकांत जाऊन बसायला हवं होतं. जवळच्या मैत्रिणीचं घर मध्ये असताना भली माणसं तेच करतात. घरून निघताना तिनं तसं ठरवलंही होतं. पण मतं घेतली तेव्हा दोघं बाजूनं, दोघं विरुद्ध झाले, आणि रूडीनं तिचं नाव घेतलं.

वळणावरचा रस्ता अरुंद आहे, गाड्या वाढतील, असं ती म्हणाली. ते खोटं नव्हतं, म्हणूनच तिला स्वतःची जास्त लाज वाटली. "माझं मत विरुद्ध," ती म्हणाली, आणि अर्ज फेटाळला गेला.

केंद्र बांधणाऱ्या कंपनीच्या बाईनं नकाशे गुंडाळले. आता दुसऱ्या जिल्ह्यात बघू, असं रूडीला सांगून ती निघाली. क्लिफर्ड जाता जाता आयलीपाशी थांबला.

"माझ्या थोरलीला तुम्ही शिकवलंत, बाई," तो म्हणाला. एवढंच.

ती तडक इर्याकडे गेली. निदान एका माणसाचं तरी मन आपण राखलं, हे गाडीत ती स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होती.

इर्यानं दार उघडलं. चेहरा उतरला होता, पण हसली. "सुटलं का एकदाचं मौनव्रत? ये."

तिनं आयलीला कपभर कॉफी दिली, स्वतःला घोटभरच ओतून घेतली. आयली फोनबद्दल माफी मागू लागली, तशी तिनं हात झटकला.

"तू नियम मोडणार नाहीस, ठाऊक होतं मला. पत्र लिहायला बसले होते, पण तो रूडी ते साऱ्या गावापुढे वाचणार. म्हटलं, जाऊ दे. आयली आहे ना तिथं. तिला काय सांगावं लागतंय?"

आयलीचे डोळे भरून आले. कितीतरी दिवसांनी तिला मोकळा श्वास घेता आला.

"नाहीच लागलं," ती म्हणाली.

"मग झालं तर." इर्यानं स्वेटरची बाही हळूच वर सरकवली. कोपराच्या आतल्या बाजूला पांढरी पट्टी होती. "केंद्राच्या बाईंना मी सांगून ठेवलंय. उघडलं की पहिली खुर्ची माझी. नुसता रस्ता ओलांडायचा."