मागे पडणारं घड्याळ

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या आईचा हात महिनाभर थरथरत होता, तोंडाचा पट्टा थांबत नव्हता. खुर्चीला बूड टेकेल तर शपथ. लेकीने मनगटावरचं घड्याळ बघून तिची नाडी मोजली. "आई, मिनिटाला एकशेवीस ठोके!" "तुझं घड्याळ मागे पडतंय," म्हणत आईने ते हिसकावलं, खोलूनच ठेवलं. शेवटी लेकीने तिला ओढतच दवाखान्यात नेलं. रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शरीर स्वतःच्याच थायरॉइडवर उलटलंय. मध्यंतरी ताप आला होता ना? तो विषाणू निमित्त झाला असावा, नक्की सांगता येत नाही. गोळ्यांनी आटोक्यात येईल." तो ताप हॉस्टेलमधून लेकीनेच आणला होता. वाटभर ती डोळे पुसत राहिली. दुकानात आईने कधी कुणाला न दिलेला चिमटा तिच्या हातात ठेवला. "घड्याळ बरोबरच होतं. जोड, मी सांगते. आणि रडू नकोस, आत पाणी जाईल."