जोडव्याचं बोट

नवऱ्याच्या हातून निसटलेला पाटा पायावर पडून तीन दिवस झाले होते. वैजयंताचं बोट वांग्यासारखं टम्म सुजून जांभळं झालं, तरी "मुका मार आहे, चोळला की उतरेल," म्हणत सासूबाई तेल रगडत होत्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी बघताच ओळखलं. "हाड मोडलंय. शेजारच्या बोटाला बांधू, पण आधी जोडवं कापायला हवं."

"नवरा धडधाकट असताना?" सासूबाई कडाडल्या.

वैजयंता नवऱ्याकडे वळली. "अहो, तुम्ही तरी बोला!"

"आई म्हणते तर राहू दे. राहील दुखायचं," तो मोबाइलमधून मान न काढता म्हणाला. बोटाआधी या मायलेकांनाच बांधावं, असं तिला वाटलं.

सासूबाईंनी मात्र चप्पल काढली. मग त्यांनी स्वतःचं वाकडं बोट मुलासमोर धरलं. "तुझा बापही हेच म्हणाला होता. कापा हो, डॉक्टर!"