तुमचं माहेर कुठलं?

हर्षानं बनवलेल्या स्क्रीनपुढे संजीवनं मुद्दामच आपल्या आईला आणून बसवलं. मैनाबाईंना साधा फोन लावता येत नव्हता. इथं त्या अडणार, आणि अडल्या की विणकर संस्थेचे अध्यक्ष शालिकराम काय ते समजणार. सभागृहात कोणाची स्क्रीन लावायची, हर्षाची की संजीवची, ते आज ठरायचं होतं.

दोन वर्षं खपून संजीवनं संस्थेचे जुने फोटो, माणसं, गावं, लुगडी संगणकावर एकमेकांना जोडली होती. एकाला हात लावला की बाकीचं आपोआप समोर यावं. पण त्याच्या स्क्रीनवर आधी ‘नातेसंबंधाचा प्रकार’ निवडावा लागे, आणि बायका तिथूनच घरी परतत. हर्षा आली आत्ता, दोन महिन्यांपूर्वी. तिनं आतलं काही हलवलं नाही, फक्त तोंड, म्हणजे समोरची स्क्रीन, बदललं. आणि आता जो तो हर्षा, हर्षा! संजीवचा नुसता जळफळाट होत होता.

तिच्या स्क्रीनवर एकच प्रश्न होता: तुमचं माहेर कुठलं? मोहल्ल्यातल्या सुनांना नावानं हाक मारतंच कोण? भिवापूरवाली, कळमेश्वरवाली, अशीच त्यांची ओळख. हे काय संजीवला ठाऊक नव्हतं? सुचलं नाही, एवढंच. तेच तर सलत होतं.

मैनाबाईंनी चष्मा सारखा केला आणि ‘उमरेड’वर बोट ठेवलं. फोटो आले. तिसऱ्यावर त्या थांबल्या. चरख्यावर सुताच्या कांड्या भरणारी एक बाई. खाली साल, माग, काठाचा प्रकार, सगळं संजीवनं स्वतः भरलेलं. नावाच्या जागी लिहिलं होतं, अज्ञात महिला.

“हे त माही माय होय,” मैनाबाई म्हणाल्या.

त्यांनी हर्षाच्या तोंडावरून हात फिरवला. पोटचा पोरगा शेजारी उभा होता, त्याच्याकडे पाहिलंही नाही. संजीवला ते बघवेना.

शालिकराम म्हणाले, हीच स्क्रीन राहू द्या. हर्षाला कसंनुसं झालं. मूळ काम सगळं सरांचंच आहे, असं तिनं सगळ्यांना सांगितलं आणि कीबोर्ड त्याच्याकडे सरकवला.

“सर, तुमच्या आजीचं नाव तुम्हीच लिहा ना.”

संजीवनं कीबोर्डवर बोटं ठेवली. आजी गेली तेव्हा तो पाळण्यात होता. त्याच्यापुढे तिचा उल्लेख नुसता ‘आजी’ असाच होई, आणि त्यानं नाव कधी विचारलं नव्हतं.

मैनाबाईंनी कीबोर्ड उचलून परत हर्षापुढे ठेवला.

“तू लिही वं पोरी. त्याले मालूम नाही.”