भाकरीचा आवाज

आदिलाबादेतला चौथ्या मजल्यावरचा तो फ्लॅट बँकेनं लिलावात काढला, तेव्हा तिथं भाड्यानं राहणाऱ्या हर्षालीनं लगेच ओळखलं. नवा मालक आला, की आपलं बिऱ्हाड रस्त्यावर! ती दिवसभर नवऱ्यासोबत चपलांच्या दुकानात बसायची, पण फ्लॅट पाहायला कुणी आलं, की धावत घरी यायची आणि कानाशी लागायची, "घ्या ना खुशाल. पन दुपारी बंद सैपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज येते."

आधीच फ्लॅटला कुत्रं विचारत नव्हतं, त्यात हे. दोन लिलाव रिकामे गेले, बँकेनं किंमत उतरवली आणि तिसऱ्या खेपेला बोली लावणारे हर्षाली अन् तिचा नवरा, दोघंच!

पेढे घेऊन ती समोरच्या बयनाबाईंकडे गेली. पेढा हातात तसाच धरून म्हातारीनं आधी दार लोटून घेतलं.

"आमच्याबी फ्लॅटचे भाव पडतीन म्हनून त्या भाकरीच्या आवाजाचं आमी चार सालापासून कोनाजवळच बोललो नाई. तुले कोनं सांगतलं वं?"